थरथरणारे पत्र

“रंगमंचावर पाऊल ठेवले की माझे हात कापतात, आवाज फाटतो. मी अभिनय सोडून द्यावा का?” असा प्रश्न घेऊन एक तरुण अभिनेत्री माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दुसऱ्या अंकात तिला वडिलांचे पत्र मोठ्याने वाचायचे होते, आणि पहिल्याच प्रयोगानंतर, कागदाची फडफड पुढच्या रांगेपर्यंत ऐकू येत होती, असे तिला कुणीतरी विंगेत सांगितले होते. पुढच्या प्रयोगांत तिने कोपरे अंगाशी घट्ट दाबून धरली, गुडघे ताठ ठेवले. कंप मात्र वाढतच गेला.

अशा वेळी ‘घाबरू नका’ या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही, असे माझे ठाम मत आहे. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, आणि हे केवळ इच्छेने थांबवता येत नाही. मी तिला ‘नाट्यशास्त्र’ या भरतमुनींच्या प्राचीन ग्रंथाची आठवण करून दिली. आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावातून उमटणारा) या चतुर्विध अभिनयापैकी सात्त्विकाच्या 8 भावांत स्वेद, वेपथू आणि स्वरभंग, म्हणजे घाम, कंप आणि आवाज फुटणे, यांची गणना भरतमुनींनी केलेली आहे. ज्या खुणा लपवण्यासाठी ती जिवाचा आटापिटा करत होती, त्या अभिनयाच्याच सामग्रीत मोडतात, हे ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली.

मग मी तिला ते पत्र तिथेच वाचायला सांगितले. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर उचलले जात होते आणि वाक्य संपण्याआधीच श्वास संपत होता. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ते गिळले गेले की वडील येणार आहेत की येणार नाहीत, हेच प्रेक्षकाला कळत नाही. आम्ही पत्रात श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावल्या. बरगड्यांच्या खालच्या भागावर तळहात ठेवून आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग तो आपसूक आत येऊ द्यायचा, ओठ मिटून गुणगुणायचे आणि त्यानंतरच पहिले वाक्य उच्चारायचे, असा सराव ती रोज करू लागली. ताणून धरलेला स्नायू अधिक कापतो, म्हणून हातांनाही काम दिले: पत्राची घडी सावकाश उलगडणे, सुरकुती अंगठ्याने सपाट करणे.

रंगमंचाबाहेरही असेच झटके येत असते किंवा झोप उडाली असती, तर मी तिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तिच्या बाबतीत तशी गरज भासली नाही.

कागद अजूनही थोडा हलतो, असे ती सांगते, पण आता ती तो कंप लपवत नाही. सध्या आम्ही पत्र वाचून झाल्यानंतरच्या स्तब्धतेवर काम करत आहोत, कारण तिथे थांबणे तिला अजून जड जाते आणि ती पुढच्या संवादाची घाई करते.