कोरं चित्र टर्मिनलवरून: आकार, रंग आणि पारदर्शकता

तुमच्या तीन तक्रारी आहेत: १२००×८०० मागूनही एकाच पिक्सेलचं चित्र येतं, पारदर्शक चित्र जेपीजीत काळं होतं, आणि पांढरं पीएनजी पुढचा प्रोग्रॅम घेत नाही. इमेजमॅजिक, म्हणजे टर्मिनलवरून आज्ञा देऊन चित्रं बनवणारा प्रोग्रॅम, यात कुठेही चुकत नाहीये. आपल्याला ‘कोरं’ म्हणजे नेमकं काय हवंय, ते त्याला नीट सांगावं लागतं.

आधी आकार. इमेजमॅजिक आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतं. साइझ ही पुढे येणाऱ्या चित्रासाठीची सूचना आहे, त्यामुळे ती ‘एक्ससी’च्या, म्हणजे एकाच रंगाचं चित्र बनवणाऱ्या सूचनेच्या, आधीच हवी. नंतर लिहिली, तर तोवर १×१चं चित्र तयार होऊन गेलेलं असतं. म्हणून क्रम असा ठेवा: मॅजिक, डॅश साइझ १२००×८०० (मध्ये इंग्रजी एक्स), एक्ससी कोलन व्हाइट, शेवटी फाइलचं नाव. ‘एक्ससी’ऐवजी ‘कॅनव्हस’ लिहिलं तरी चालतं, आणि स्क्रिप्ट दुसऱ्या कोणी वाचणार असेल तर मी तेच लिहितो. आवृत्ती ६ असेल तर ‘मॅजिक’च्या जागी ‘कन्व्हर्ट’. विंडोजवर मात्र जपून, तिथे याच नावाचं डिस्कची फाइल सिस्टिम बदलणारं वेगळंच साधन आहे.

आता काळा रंग. पारदर्शकतेसाठी लिहिलेला ‘नन’ म्हणजे खरं तर काळाच रंग, फक्त त्याचा अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, शून्य. जेपीजीत अल्फाला जागाच नाही, तो गळतो आणि खालचा काळा उघडा पडतो. पारदर्शक हवं असेल तर पीएनजीतच ठेवा. जेपीजी अटळ असेल तर बॅकग्राउंड व्हाइट देऊन फ्लॅटन करा, म्हणजे चित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर बसवून सपाट करा.

पीएनजीची गोष्ट सर्वांत फसवी. सगळे पिक्सेल पांढरे दिसले, की इमेजमॅजिक जागा वाचवायला फाइल १ बिटच्या ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्यात, लिहितं. फाइल पूर्ण वैध असते, पण आरजीबीची (लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांची) अपेक्षा ठेवणारा प्रोग्रॅम अडखळतो. फाइलच्या नावाआधी ‘पीएनजी२४ कोलन’ लावलं की ८ बिटचं आरजीबी मिळतं. अल्फाही हवा असेल तर ‘पीएनजी३२ कोलन’. फाइलची माहिती दाखवणाऱ्या आयडेंटिफाय या आज्ञेला व्हर्बोस (सविस्तर) जोडून आधी आणि नंतरची फाइल तपासा, फरक लगेच दिसेल.

सर्व्हरवर काहीच इन्स्टॉल करता येत नसेल तर पीपीएम या अगदी साध्या चित्रप्रकाराची फाइल हातानेसुद्धा बनते, आणि हा मार्ग मला मनापासून आवडतो, कारण चित्र म्हणजे शेवटी काय असतं ते त्यातून कळतं. हेडरमध्ये पी६, रुंदी, उंची, २५५ आणि एक नवी ओळ. त्यापुढे प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट. तुमच्या आकाराला २८,८०,००० बाइट लागतील. ते डेव्ह-झिरोमधून, म्हणजे सतत शून्य बाइट देणाऱ्या सिस्टिमच्या खास फाइलमधून, घेतले की काळं चित्र तयार. पांढऱ्यासाठी प्रत्येक बाइट २५५ हवा. पीबीएममध्ये, म्हणजे याच घराण्यातल्या फक्त काळ्या-पांढऱ्या प्रकारात, मात्र हिशेब उलटा: तिथे ० म्हणजे पांढरा, १ म्हणजे काळा. या फाइलींसाठीचा नेटपीबीएम हा साधनसंच असेल तर ‘पीपीएममेक व्हाइट १२०० ८००’ एवढ्यावर काम होतं.

रंग हॅशने सुरू होणाऱ्या कोडमध्ये देताना तो अवतरणात ठेवा. बॅकग्राउंडपुढे मोकळा लिहिलेला हॅश शेलला (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) टिप्पणीची सुरुवात वाटतो आणि पुढची सगळी आज्ञा कापली जाते.