त्याची उशी आत आण

पत्र: ताई, मला तीन वर्षांची जुळी आहेत. जन्मताना मुलगा २ किलो ७०० आणि मुलगी १ किलो ९००, ती अकरा दिवस पेटीत होती. आता ती ठणठणीत आणि याला कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे एक्झिमा, रात्रभर खाजवतो. सासूबाई म्हणतात पोटात बहिणीचा वाटा खाल्ला त्याचं फळ. नणंद म्हणते मी डोहाळ्यात पाणीपुरी खाल्ली म्हणून. माझं काय चुकलं? तिला लागू नये म्हणून सध्या त्याला हॉलमध्ये आजीजवळ झोपवते. (दमलेली आई, नाशिक)

अगं बाई, अख्खं पत्र चूक कोणाची यावर आणि ते शेवटचं वाक्य असं जाता जाता! मी तिथेच अडकले. जन्माच्या आधीपासून जिच्या कुशीला लागून होतं तिच्यापासून उचलून ते पोर हॉलमध्ये टाकलंस, आणि शेजारी कोण, तर वाटा खाल्ला म्हणणारी आजी. सासूबाईंच्या जिभेला हाड नाही, मान्य, पण अंथरूण तू हलवलंस.

एक्झिमा म्हणजे खरूज नव्हे गं. खरजेत बारीक किडा असतो, तो अंगाला अंग लागून, अंथरुणातून घरभर फिरतो. इथे तसलं काही नाही, दोघं रात्रभर चिकटून झोपली तरी तिला लागणार नाही.

आता वजनाचं. स्वीडनमध्ये ९ आणि १२ वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला, त्यात पोटात ज्यांची वाढ कमी झाली त्यांच्यात एक्झिमा कमीच निघाला, अगदी एकाच जोडीत बघितलं तरी जड बाळाकडेच कल जास्त. (सासूबाईंना सांगू नकोस, बघ मी म्हटलं नव्हतं म्हणतील.) पण हा कल झाला, शिक्षा नाही, बाळ पोटात कोणाचा वाटा ओरबाडत नसतं. आणि मुलगा-मुलगी म्हणजे वेगवेगळ्या बीजांची जुळी, जनुकांच्या हिशेबात साधी भावंडंच. १९९३ च्या डेन्मार्कच्या अभ्यासात एकाला असला तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत ७२ टक्के होतं आणि तुझ्यासारख्या जोड्यांत २३. म्हणजे एकाला आहे आणि एकीला नाही यात नवल काहीच नाही. पाणीपुरीचं तर सोडूनच दे.

तेव्हा आज रात्री त्याची उशी आत. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच डॉक्टरांनी दिलेलं मॉइश्चरायझर भरपूर थाप, आणि त्यातला एक ठिपका तिच्या बोटावर दे, तिला लावू दे भावाच्या कोपराला, बघ कशी फुंकर घालत लावेल. औषधाची ट्यूब मात्र तूच लाव. पू, पिवळट खपली किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

पलंगावर जागा पुरत नसेल तर हॉलमध्ये तू झोप.