एकीकडं वायद्याचं सोनं, दुसरीकडं मढ्याचं

ह्या महिन्यात पत्रं आणि मेसेज बरेच आलेत, पण गंमत म्हणजे चार जणांनी एकाच जोडीबद्दल विचारलंय, अण्णाभाऊ साठेंची एक कथा आणि त्यांचंच एक गाणं, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक कथा आणि एक गाणं घेऊन दोन्हीतल्या थीमची तुलना करा अशी असाइनमेंट आहे. मी अण्णाभाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' आणि त्यांचंच 'माझी मैना गावावर राहिली' घेतलं. दोन्हीत गरिबी आहे, दोन्हीत माणूस गाव सोडून मुंबईला जातो, एवढं लिहिलं की माझं संपलंच, पान अर्धं रिकामं. मॅडम म्हणल्या हे तर कुणीपण सांगेल. आता पुढं काय लिहू?

उत्तर: जोडी झकास निवडलीस गं, पण मॅडमचं बरोबर आहे. गरिबी तर अण्णाभाऊंच्या जवळजवळ सगळ्या लिखाणात आहे, मग त्यातनं नेमकं हेच दोन का उचललेस ते तुझ्या पानावर दिसायला पाहिजे की. मी काय करते सांगू का, दोन्हीत येणारी एखादी वस्तू पकडते, हाताला लागेल अशी, आणि ती कथेत काय करते आणि गाण्यात काय करते एवढंच बघत बसते. इथं ती वस्तू कथेच्या नावातच आहे.

आधी कथा. वारणेकडचा भीमा, अंगानं पैलवान, बायको आणि लहान पोरगी घेऊन मुंबईला येतो, शहरात काम मिळत नाही म्हणून उपनगरात दगडाच्या खाणीवर लागतो आणि एक दिवस खाणच बंद पडते. रिकाम्या हातानं परत येताना मसणवट्यातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. झालं, तिथनं पुढं तो राख चाळायला लागतो आणि मग पुरलेली मढी उकरायला लागतो, कारण मेलेल्याच्या तोंडात सोनं ठेवायची आपल्यात रीत आहे. शेवटी एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो मढं मिळवतो, पहारीनं जबडा उघडून सोनं काढतो आणि त्याच जबड्यात त्याची बोटं अडकतात. बोटं कापावी लागतात, आणि त्याच दिवशी कळतं की खाण परत सुरू झाली.

आता गाणं. तिथंपण गडी गरिबीपायी मुंबईला निघालाय, पहाटेची वेळ आहे, भाकरतुकडा बांधलाय, बायको, म्हणजे गाण्यातली मैना, वेशीपर्यंत घालवायला आलीय आणि तिचं तोंड उतरलंय. तर तिला हसवायला हा काय करतो? दागिन्यांचे वायदे करतो. तोडे करीन, कोल्हापुरी साज करीन, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नाकात नथ, सगळी यादीच लावतो. ज्याच्याकडं फडक्यात बांधलेल्या भाकरीशिवाय काही नाही तो माणूस बायकोला डोक्यापासनं पायापर्यंत मढवायला निघालाय, आणि ती काही हसत नाही.

आता ही दोन सोनी शेजारी शेजारी ठेव. गाण्यातलं सोनं कुठंच नाही, फक्त बोलण्यात आहे, आणि ते मिळणार नाही हे मैनेलाही कळलंय आणि ऐकणाऱ्यालाही. कथेतलं सोनं मात्र खरंखुरं आहे, विकलं जातं, त्याच्यावर चूल पेटते, आणि ते निघतं कुठनं तर मढ्याच्या तोंडातनं. म्हणजे राबणाऱ्याकडं जित्या बायकोच्या गळ्यात घालायला गुंजभर सोनं नाही आणि दुसऱ्या कुणाच्या मेलेल्या माणसाकडं ते आहे. माझ्या मते दोन्हीची थीम ही इथं आहे, आणि असाइनमेंटमध्ये हे वाक्य तुझ्या शब्दात आलं की मॅडमना पुढचं वाचावंसं वाटेल.

मग फरकाकडं ये, कारण तुलना म्हणजे निस्तं सारखं काय ते शोधणं नाही. कथा सरळ पुढं पुढं जाते, अंगठी, मग राख, मग मढं, मग बोटं, भीमाला मागं फिरायला जागाच नाही, दर पानाला तो एक पायरी खाली उतरतो आणि आपणपण त्याच्याबरोबर उतरतो, कारण तोपर्यंत तो आपल्याला आवडायला लागलेला असतो. गाणं छक्कड आहे, म्हणजे लावणीच्या जातीचं शाहिरी गाणं, त्याला ध्रुपद आहे, दर कडव्यानंतर गडी परत त्याच 'माझ्या जिवाची होतिया काहिली'वर येतो, मुंबईत किती का भटकेना मन फिरून वेशीपाशीच. ध्रुपद परत येणं हाच तिथं विरह आहे, वेगळं सांगावं लागत नाही. आणि कथा आपण एकट्यानं वाचतो, तिच्यात शेवटी भीमापण एकटाच उरतो, तर छक्कड हजारोंच्या सभेत म्हणायची, म्हणून तिचा शेवट एका गड्यावर होऊच शकत नाही, तो सगळ्यांना हाक मारतो. हा मुद्दा नीट लिहिलास तर राहिलेलं अर्धं पान पुरणार नाही बघ.

एक सांगते, "अण्णाभाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगाव" अशी सुरुवात करू नकोस. ती सगळेच करतात.

प्रश्न: मी रिटायर्ड गिरणी कामगार. ती कथा मला पटत नाही. बोटं तुटली त्याच दिवशी खाण चालू झाली, हे असं कुठं होतं का? सिनेमात होतं. आमच्या सोलापुरात गिरण्या बंद पडल्या त्या पडल्याच, कुणी परत चालू झाली म्हणून सांगायला आलं नाही.

उत्तर: काका, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं ज्या घरात रोज घेतली जायची त्या घरातला माणूस हे विचारणारच, त्यामुळं तुमची शंका मी हसण्यावारी नेत नाही. योगायोग आहे हे खरंच. पण सिनेमातला योगायोग हीरोला वाचवायला येतो, शेवटच्या रिळात पोलीस येतात तसा, आणि हा योगायोग भीमाला वाचवत नाही, उलटा घाव घालतो. खाण बंदच राहिली असती तर भीमाला म्हणायला जागा होती की दुसरा रस्ताच नव्हता. खाण चालू झाली आणि ती जागा गेली, कारण काम आहे पण घण धरणारा हात तो राहिला नाही. आणि खाण बंद कुणी केली, चालू कुणी केली, का केली, ह्यातलं भीमाला कुणी काही विचारत नाही की सांगत नाही, निस्ती बातमी येते. गिरणीच्या गेटवर नोटीस लागते तेव्हा वेगळं काय असतं? तुम्हाला पटणार नाही कदाचित, पण मला ती कथा तिथं सगळ्यात खरी वाटते.

तरी तुमच्या बोलण्यातलं एक मी त्या बी.ए.च्या पोरीला देणार आहे. गाण्यात असा शेवटचा घाव नाही, तिथं काम अजून राहिलंय, मागं फिरू नका असं म्हणून गाणं संपतं. ज्याची गिरणी परत उघडलीच नाही त्याला कथेपेक्षा गाणं जवळचं वाटणार हे साहजिक आहे.

प्रश्न: ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, विड्या वळते. पोरीनं मोठ्यानं वाचून दाखवली ती कथा, ऐकता ऐकता हात थांबला. मला एवढंच विचारायचं होतं की दोन्हीत बाईचं काय? ती निस्ती रडायलाच आहे का?

उत्तर: मावशी, हा प्रश्न मला सुचायला पाहिजे होता. आपल्याकडं विरहाची लावणी म्हणलं की बाई बोलणार, सजणा कधी येणार म्हणून वाट बघणार. अण्णाभाऊंनी ते उलटं केलं, इथं पुरुष झुरतोय आणि बाई गप्प आहे. तिच्या रूपाचं वर्णन भरपूर, भुवया काय, चाल काय, पण तिच्या तोंडी काही नाही. मला हे थोडं खटकतं, खोटं कशाला बोलू. पण एवढे वायदे ऐकूनही ती हसत नाही हे मात्र बारीक बघण्यासारखं आहे, तिला साज नको, माणूस पाहिजे, आणि एक शब्द न बोलता तिनं ते सांगितलंय.

कथेतली बायको बोलते. हे मसणातलं काम नको म्हणून नवऱ्याला अडवायला बघते आणि तो तिचं ऐकत नाही. पण त्याच सोन्यावर तिची चूल चालू आहे, त्यामुळं तिला पुरतं अडवतापण येत नाही आणि गप्पपण बसवत नाही. विड्यांचा हिशोब हातात पडल्याशिवाय ज्यांच्या घरात किराणा येत नाही त्यांना हे मी वेगळं काय सांगणार. मैना गावात सुटी राहिली, भीमाची बायको मात्र नवऱ्याबरोबर त्याच्यात अडकली, दोघींमधला फरक मला हा दिसतो. तुमच्या पोरीला सांगा, पुढची कथा तिनं निवडायची आणि मला कळवायचं.

प्रश्न: अक्कलकोटहून लिहितोय. गॅदरिंगला हे गाणं बसवतोय. शेवटी बेळगाव-कारवार वगैरे येतं ते कापलं तर चालेल का? पोरांना बोअर होतं, आणि आमच्या इथं घरात कन्नड बोलणारे पण खूप आहेत, कुणाला लागायला नको.

उत्तर: कापू नका हो. ते कापलं तर राहतं काय, बायकोच्या आठवणीची एक साधी लावणी. गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं आहे आणि सगळं अशा बेतानं रचलंय की गड्याची मैना जशी लांब राहिली तसेच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव लांब राहिले, आधी माणसाची ताटातूट मनात भरवायची आणि मग म्हणायचं की हीच गत मुलखाची. पुढं 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, मुंबई आली, पण हे भाग आले नाहीत. कन्नड बोलणाऱ्यांना लागेल ह्याची तुमची काळजी मला आवडली, पण गाण्याचा राग भाषेवर नाही, तोडण्यावर आहे, आणि पोरांना दोन मिनिटं नकाशा दाखवलात तर बोअरपण होणार नाही.

निवेदनात आपल्या जिल्ह्याचं एक नाव नक्की घ्या, अमर शेख. बार्शीचे. 1944 साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं होतं आणि पुढं ह्याच शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या. चाल ऐकायला विठ्ठल उमपांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर मिळतं, पण शब्द त्याच्यावरनं उतरवून घेऊ नका, गाणारे कडवी गाळतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं अण्णाभाऊंच्या निवडक वाङ्मयाचा खंड काढलाय, शब्द तिथनं घ्या, लायब्ररीत विचारा, आणि ढोलकीवाला आत्ताच बुक करा, गॅदरिंगच्या सीझनला मिळत नाहीत.