फ्लेक्स उतरला, तरी पोरगी मैदानावर जाईना

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम संपत आला आणि शाळाशाळांत स्नेहसंमेलनं, बक्षीस समारंभ सुरू झाले की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांची एक तक्रार हमखास असते. "मॅडम, स्पर्धेपर्यंत सगळं छान चाललं होतं. बक्षीस मिळालं, सत्कार झाला आणि तिथनं पुढं पोरगं बिथरलंय." कुणाची मुलगी वक्तृत्वाचा करंडक आणल्यावर पुढच्या स्पर्धेला नाव द्यायला तयार नाही, कुणाचा मुलगा पदक गळ्यात पडल्यापासून घरात धड बोलत नाही. त्यामागोमाग प्रश्न ठरलेला: "आमचं कौतुक जास्त झालं का? डोक्यात हवा गेली का?" उलट्या टोकाचे पालकही भेटतात. हवा जाऊ नये म्हणून त्यांनी पोराच्या पाठीवर साधी थापही मारलेली नसते.

दोन्ही घरांना मी एकच सांगते. कौतुक किती झालं हे मोजत बसू नका. कशाचं झालं आणि कुणाला वगळून झालं, ते बघा.

नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून सांगलीतल्याच एका मुलीची गोष्ट सांगते. तिला मुक्ता म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुक्ता नववीतली. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, आई अंगणवाडी सेविका, एक भाऊ आठवीत. शाळेच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघानं जिल्हा स्पर्धा जिंकली आणि अंतिम सामन्यातला शेवटचा गडी मुक्तानं बाद केला. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. त्यावर फोटो मुक्ताचा एकटीचा. शाळेत परिपाठाला तिला एकटीला पुढं बोलावून टाळ्या वाजवल्या. मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. विभागीय स्पर्धा जवळ आली तशी मुक्ताच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ती गेली, खेळली, संघ पहिल्याच सामन्यात हरला. परत आल्यावर तिनं बुटांची पिशवी माळ्यावर टाकली आणि मैदानाकडं फिरकली नाही.

"आम्ही काय कमी केलं, मॅडम?" वडील म्हणाले. "नवे बूट घेतले. रोजची अंडी चालू केली. स्मृती मानधना सांगलीचीच, संकेत सरगर सांगलीचाच. रोज सांगायचो हिला, तू पण नाव काढशील म्हणून. आता दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळायचे, ते पण गेले."

संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्यपदक आणलं, तेव्हा सांगलीतल्या घराघरांत त्याचं नाव झालं होतं. ते व्हायलाच हवं. पण जिल्ह्याचं बक्षीस घेऊन आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला त्याच संध्याकाळी ते नाव ऐकवलं, की हातातलं बक्षीस पुढच्या उधारीचा पहिला हप्ता होऊन बसतं. वडिलांना तेव्हा मी एवढंच म्हटलं की मुक्ताशी मला एकटीनं बोलू द्या.

पहिल्या काही भेटींत ती जेमतेम बोलली. हरल्याचं वाईट वाटतंय का? नाही. लोक काही बोलले का? नाही. दहावीचं टेन्शन? खांदे उडवले. अशा वेळी मी प्रश्न थांबवते. मुलांना भावनांबद्दल विचारलं की ती गप्प होतात, कामाबद्दल विचारलं की बोलतात, हे इतक्या वर्षांत मला पक्कं कळलंय.

माझ्या टेबलावर चिंचोक्यांचा डबा असतो. तो तिच्यापुढं सरकवला आणि म्हटलं, "मला खो-खोतलं फार कळत नाही. तो शेवटचा गडी कसा बाद झाला, ते मांडून दाखव."

तिनं आठ चिंचोके एका ओळीत लावले, एकाचं तोंड इकडं तर दुसऱ्याचं तिकडं. दोन टोकांना माझी दोन पेनं, हे खुंट. मग बोट फिरायला लागलं. "पळणारीला कसं, या ओळीतनं कुठनंही इकडनं तिकडं जाता येतं. पाठलाग करणारीला नाही. तिनं ओळ ओलांडायची नाही आणि एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागं वळायचं नाही. म्हणून मग बसलेल्यांना खो द्यायचा. माझी मैत्रीण हिच्या मागं होती. ही पोरगी लई चपळ, सारखी हुलकावण्या देत होती. मैत्रिणीनं तिला खुंटाकडं रेटत आणलं. मी या घरात, तोंड पलीकडं. ही पोरगी माझ्या पुढ्यातनं पलीकडं शिरणार, हे मैत्रिणीला आधीच कळलं. तिनं पाठीत खो दिला. मी उठले आणि झेप टाकली. झालं."

हे सांगताना ती खुर्चीतून अर्धी उठली होती. एवढं सलग ती माझ्यापुढं पहिल्यांदाच बोलत होती.

"हे घरी सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणाले, लई भारी. मग फोटो काढले."

थोडा वेळ ती बोटानं एकच चिंचोका फिरवत राहिली. तिला खो देणारीचा. मग म्हणाली, "बाद माझ्या नावावर लिहिलाय. पण ती एक पाऊल जरी जास्त पळली असती ना, तर ती पोरगी गेली होती. फ्लेक्सवर ती नाही. आता ती डबा खायला माझ्याजवळ बसत नाही."

"तू तिच्याशी बोललीस?"

"काय बोलू? फ्लेक्स मी लावायला सांगितला नव्हता, असं? ते खरंय. पण मला तो आवडला होता, मॅडम. पहिल्या दिवशी मी मुद्दाम दोनदा त्या कोपऱ्यावरनं गेले."

आणि ती रडली.

पोटात दुखत होतं ते इथं होतं. तिला हरण्याची भीती नव्हती, यशाची हवाही लागली नव्हती. स्वतःचा फोटो आवडला याची तिला शरम वाटत होती. आपण हावरट आहोत आणि ते मैत्रिणीनं ओळखलंय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. शिवाय फ्लेक्स खरा ठरवायचा तर दर सामन्यात शेवटचा गडी आपणच मारला पाहिजे, हा दुसरा काच. दोन्ही ओझी घेऊन खो घ्यायला बसणारी मुलगी वेळेवर उठणार कशी?

मी तिला म्हटलं, "फोटो आवडणारच. मला पण आवडला असता. त्यानं तू हावरट ठरत नाहीस. मैत्रिणीचा वाटा बोलून दाखवायचा राहून गेला, एवढंच झालंय. ते आजही करता येतं."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी निष्ठा आहे ती याच जागेसाठी. माणसाच्या कृतीला गुण द्या, वाईट झाली तर वाईट म्हणा, पण अख्ख्या माणसाला गुण देऊ नका, हे एलिस आयुष्यभर सांगत राहिले. लोक ते अपयशापुरतं लक्षात ठेवतात. मला वाटतं ते यशाच्या वेळी जास्त लागतं. 'तू आमची शान आहेस' हेही अख्ख्या माणसाला दिलेले गुणच, आणि दिलेले गुण कापले जाऊ शकतात हे मुलांना आपल्या आधी कळतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. हुशार म्हटलेली मुलं पुढं सोपी कोडी मागायला लागली. अवघड कोड्यांत अडल्यावर त्यांची कामगिरी घसरली, आणि आपले गुण दुसऱ्यांना कळवताना ते फुगवून सांगणारी मुलंही त्यांच्यातच जास्त निघाली. ती मुलं मुळात खोटारडी नव्हती. त्यांना मिळालेलं बिरुद सांभाळायचं होतं.

पुढच्या भेटीला आईवडील आणि भाऊही आले. मी मुक्ताला पुन्हा चिंचोके मांडायला लावले आणि वडिलांना एकच अट घातली: 'शाब्बास' म्हणायचं नाही, फक्त विचारायचं. वडील जरा अवघडले. मग पुढं वाकून म्हणाले, "पण खो आत्ता येणार, हे तुला मागं न बघता कसं कळलं?"

"तिच्या पावलांवरनं. आम्ही रोज एकत्र सराव करतो ना."

"मग ती पोरगी कोण? घरी बोलव की तिला."

मी काही बोलले नाही. माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत आणि आले की मध्ये पडायचं नसतं. तेवढ्यात कोपऱ्यातून भाऊ म्हणाला, "मला एलिमेंटरीला ए ग्रेड मिळाली." आईनं त्याच्याकडं पाहिलं. निकाल तिला माहीत होता, फ्लेक्सच्या गडबडीत राहून गेला होता. त्या दिवशी परत जाताना आई त्याला परीक्षेत कोणतं चित्र काढलंस, रंग कोणते वापरलेस, हे विचारत जिना उतरली.

तर पालकांनो, फोटो काढायच्या आधी मुलाला सामना सांगू द्या. नाटकातला प्रवेश, विज्ञान प्रदर्शनातलं यंत्र, समूहगीताची चाल, जे असेल ते. मध्ये शिकवू नका, पुढची स्पर्धा काढू नका, कुणा मोठ्या खेळाडूचं नाव घेऊ नका. 'तुला कुणाची मदत झाली?' हे जरूर विचारा. पेढे वाटायचे तर त्या मदत करणाऱ्याच्या घरी आधी. दुसऱ्या भावंडाचं त्या आठवड्यात काय चाललंय, तेही बघा.

शाळांना मी जरा कडक शब्दांत सांगते, कारण कौतुकाची पद्धत तिथं ठरते. संघ जिंकला असेल तर संघ उभा करा. खो-खोत मैदानात नऊ जणी उतरतात, बाकीच्या बाहेर बसतात. त्याही उभ्या राहिल्या पाहिजेत. क्रीडाशिक्षकांनी प्रत्येकीनं काय केलं ते एकेका वाक्यात सांगावं, त्याला परिपाठातली पाच मिनिटं पुरतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं ते या सांगलीत. इथल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात पडदा ओढणारा आणि विंगेतून संवाद पुरवणारा मुलगा मंचावर बोलावला जात नाही, हे मला खरोखर लागतं.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या पैलवान खाशाबा जाधवांचं उदाहरण मी कार्यशाळांत नेहमी देते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती थाटाचीच होती. पण गाड्या जुंपणाऱ्यांचा त्या पदकात पैसा होता, जीव होता, आणि खाशाबांना ते माहीत होतं. मिरवणुकीला, फ्लेक्सला माझा विरोध नाही. त्यात कोण कोण असायला हवं, एवढं विचारा.

मैत्रिणीशी बोलायला मुक्ताला वेळ लागला. पहिल्यांदा ती नुसती "विहिरीवर पोहायला येतेस का?" म्हणाली. खो देण्याचं बोलणं पुढं कधीतरी झालं, काय झालं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बूट माळ्यावरून खाली आलेत. दहावीत खेळायचं की नाही, यावर मात्र त्या घरात अजून एकमत नाही. वडिलांना शिकवणीची काळजी आहे, मुक्ताला पहाटेचा सराव सोडायचा नाही. मी त्यांना म्हटलंय, सवलतीचे गुण हिशेबातून पूर्ण काढून टाका आणि मग चौघं मिळून ठरवा. पुढच्या महिन्यात ते परत येणार आहेत.