शंका-समाधान : टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल

प्रश्न : कपाशीवर फवारणीसाठी माझ्याकडे पेट्रोलवर चालणारा पाठीवरचा पंप असून धुऱ्यावरील गवतासाठी ब्रश कटर आहे. मोटारसायकलचे उरलेले ऑईल पेट्रोलमध्ये मिसळले तर चालेल काय?
– एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : कृपया तसे करू नये. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक ऑईल इंजिनात फिरत राहण्यासाठी असते. टू-स्ट्रोकचे तेल मात्र पेट्रोलबरोबर जळून जाते, म्हणून त्याची राख कमीत कमी उरावी लागते. आपली दोन्ही यंत्रे हवेने थंड होणारी आहेत आणि विदर्भाच्या उन्हात ती भरपूर तापतात, त्यामुळे डब्यावर ‘जासो एफसी’ (जासो म्हणजे तेलाच्या दर्जाचे जपानी मानक) किंवा त्याहून चांगले ‘एफडी’ लिहिलेले तेल घ्यावे. ‘टीसी-डब्ल्यू ३’ हे तेल पाण्याने थंड होणाऱ्या, नावेच्या इंजिनांसाठी असते. ते स्वस्त मिळाले तरी येथे वापरू नये.

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. ५०:१ असल्यास एक लिटर पेट्रोलला २० मिली, २५:१ असल्यास ४० मिली. झाकणाने अंदाजे ओतण्यापेक्षा औषध मोजण्याची सिरिंज वापरणे मला अधिक भरवशाचे वाटते, मात्र ती फवारणीच्या औषधाची नसावी. प्लग काढून पाहावा : टोक काळे, ओलसर दिसल्यास तेल जास्त होत असण्याची शक्यता असते, फिक्या तपकिरी रंगाचे असल्यास मिश्रण ठीक आहे. ब्रश कटर फोर-स्ट्रोक असल्यास पेट्रोलमध्ये तेल मिसळायचेच नसते, हेही आधी तपासावे.