नऊ वर्षांच्या लेकीला रेक, ट्रॅव्हल की क्लब?

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला येतोय, लेक नऊ वर्षांची आहे, तिकडे अकॅडमीत फुटबॉल खेळते, तर इथे तिला रेकमध्ये घालावं की थेट क्लबच्या वरच्या टीममध्ये. व्हिसा, लसी, शाळेचा दाखला याबद्दल सरकारी साइटवर सगळं मिळेल, ते मी लिहीत नाही. पण हा प्रश्न वाचून माझी जुनी खपली निघाली, तेव्हा थोडं लांबण लागेल.

रेक म्हणजे गावातल्या गावात. नाव दिलं की खेळायला मिळतं आणि कोच कुणाचे तरी आईबाबाच. ट्रॅव्हल म्हणजे निवडलेली टीम, सामने शेजारच्या गावांशी. क्लबमध्ये पगारी कोच, हजारांत फी आणि शनिवार-रविवार गाडीत. या वयात सात विरुद्ध सात खेळतात, चेंडू चार नंबरचा, हेडिंगला, म्हणजे डोक्याने चेंडू मारायला, बंदी. ईसीएनएल, गर्ल्स अकॅडमी या मुलींच्या वरच्या पातळीच्या लीगची नावं कुणाच्या तरी घरी जेवताना कानावर पडतीलच. त्या लीग टीनएजच्या उंबरठ्यावरच्या मुलींसाठी आहेत, आत्ता त्यात पडू नका. आणि २०२६-२७ पासून वयोगट बहुतेक ठिकाणी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा धरतात, आधी जन्मवर्षावर होता. लेक ऑगस्ट ते डिसेंबरमधली असेल तर जुने तक्ते बघून गट ठरवू नका.

आमच्या क्लबात टीमना ए, बी म्हणत नाहीत. पोरींना वाईट वाटू नये म्हणून रंगांची नावं देतात. कोणता रंग वरचा हे पोरींना पहिल्याच प्रॅक्टिसला कळतं. वरची निळी, खालची पांढरी. आमची पांढऱ्यात गेली. ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, पाठीवर नंबर चिकटवून पोरी धावत होत्या आणि वही घेतलेले दोघे कोच बहुतेक वेळ पलीकडच्या मैदानाकडे तोंड करून उभे. निळी टीम आधीच ठरलेली होती असं मला आजही वाटतं. पुरावा काडीचा नाही. रात्री ईमेल आली, त्यात 'अभिनंदन' असं लिहिलेलं.

खरं सांगू का, निळी टीम मलाच हवी होती. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आले, नोकरीची परवानगी नव्हती. तिकडे बँकेत होते, हाताखाली माणसं होती. इथे माझी ओळख एकच, अमुकची आई. मग निदान निळ्या टीममधलीची आई तरी! लेकीला त्याचं काही नव्हतं. तिला स्कूलबसच्या स्टॉपवरचीच एक मैत्रीण पांढऱ्यात मिळाली, आणि ती प्रत्येक सामन्यात भरपूर खेळली. निळ्यातल्या दोघी-तिघी हंगामभर बाकावर दिसायच्या. हे बघूनही माझं मन पुरतं निवलेलं नाही, हेही लिहून टाकते.

म्हणून माझं मत: जिथे ती निम्म्याहून जास्त वेळ मैदानावर असेल ती टीम, आणि प्रॅक्टिस घरापासून पंधरा मिनिटांत. कोचला विचारा, एकूण मुली किती? बारा असतील तर कायम पाच बाहेर. एखादा सामना बघायला जा. बरोबरी असताना शेवटच्या दहा मिनिटांत कच्च्या मुलींना आत घेतात का, ते बघा. ट्रायआउट मे-जूनमध्येच उरकतात, तेव्हा आत्ताच कोचला ईमेल टाका आणि आल्यावर एक-दोन प्रॅक्टिसना येऊ देता का विचारा. नाहीच जमलं तर पहिला हंगाम रेक. आभाळ कोसळत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. डिसेंबरात जास्त. पुढे.

कागदांचं मात्र मनावर घ्या. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव चढलेलं आहे ना, ते आजच बघा. आमच्यावर नुसतं 'स्त्री' होतं. सासऱ्यांनी महापालिकेत खेटे घातले तेव्हा कुठे नाव चढलं. अमेरिकेबाहेर जन्मलेल्या मुलांना दहा वर्षं पूर्ण झाली की त्यांच्या खेळाडू म्हणून नोंदणीला फिफाच्या नियमाने जादा कागद लागतात, मंजुरी येईपर्यंत सामना नाही. त्यामुळे जमलं तर दहावा वाढदिवस यायच्या आत तिची नोंदणी उरकून घ्या. शिनगार्ड आणि बूट इथे घ्या. सतरंजी तेवढी घरून आणा, सकाळी गवत ओलं असतं.