आईला त्या रात्रीबद्दल बोलतं करावं का?

प्रश्न : आमचं गाव किल्लारीजवळ. ९३ च्या भूकंपात माझा मोठा भाऊ गेला, तीन वर्षांचा होता, मी नंतरची. आई त्याचं नावही काढत नाही. गणपती विसर्जन झालं की तिची झोप उडते, स्लॅबखाली तर ती झोपतच नाही, पत्र्याच्या शेडमध्ये झोपते, रस्त्यावरून ट्रक गेला तरी दचकते. आमचे हे म्हणतात काउन्सेलरकडे ने, सगळं बोलली की मोकळी होईल. मावशी म्हणते जुनं उकरू नका. काय करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. "बोल, मन मोकळं कर" म्हणत कुणालाही त्या रात्रीत ढकललं तर त्रास वाढू शकतो. पूर्वी आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायची पद्धत होती, पण नंतर अभ्यासांत दिसलं की त्याने फायदा होत नाही, काहींना उलट त्रासच होतो. थेरपी म्हणजे ते नव्हे.

अशा आघाताची आठवण अनेकदा सलग राहत नाही, आवाज, धूळ, अंधार असे सुटे तुकडे राहतात आणि त्यांना तारीख नसते, म्हणून ट्रकची घरघर आली की शरीराला वाटतं आत्ताच होतंय. चांगला थेरपिस्ट सुरुवातीला भूकंपाच्या तपशिलात शिरतच नाही, आधी झोप, दचकल्यावर सावरायचं कसं आणि एकमेकांवरचा विश्वास. मग पुढे नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपीसारखी पद्धत असते, जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या मंडळींनी युद्धातून वाचलेल्या निर्वासितांसोबत काम करताना ती उभी केली. जमिनीवर दोरी अंथरायची, ती म्हणजे आयुष्य, चांगल्या प्रसंगाला फूल ठेवायचं, वाईटाला दगड. आईच्या दोरीवर ३० सप्टेंबरचा दगड येईलच, पण त्याआधी भावाचा जन्म, त्याचं पहिलं पाऊल, ही फुलंही येतील, आणि माझ्या मते तिला तीच जास्त जड जातील. मग जन्मापासून क्रमाने सांगायचं, थेरपिस्ट लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो, सुटलेलं भरायचं. पहाटे ३:५६ ला हादरा बसला इथेच थांबायचं नाही, बाहेर कुणी काढलं, उजाडलं तेव्हा ती कुठे होती, तिथपर्यंत यायचं.

"मी त्याला त्याच खोलीत का झोपवलं" असंही आतून टोचत असू शकतं. तिकडची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद, विसर्जनानंतर गाव गाढ झोपलेलं, काही सेकंदांत सगळं खाली. हे तुम्ही समजावून फारसा उपयोग नाही, क्रमाने सांगताना तिचं तिला दिसलं तर तो दोष थोडा सैल होतो. भाऊ गेल्याचं दुःख राहतंच, ते घालवायचंही नसतं.

आता कामाचं. आधी आईला विचारा, नाही म्हणाली तर विषय तिथेच सोडा, फक्त झोपेसाठी डॉक्टरकडे जाऊ म्हणा, तेवढ्याला बायका तयार होतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आधी तुम्हीच फोन करा. थेरपिस्टला ट्रॉमाच्या, म्हणजे अशा आघातांच्या कामाचा अनुभव आहे का हे सरळ विचारा. गरज पडली तर सायकियाट्रिस्ट गोळ्याही देतील, त्यात कमीपणा नाही. मरणाचं बोलायला लागली तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सेशनला तुम्ही बाहेर बसा, तुमच्यासमोर ती भावाबद्दल बोलणार नाही, तुम्हाला जपेल. आणि सुरुवात विसर्जनाच्या आठवड्यात नको, दिवाळीनंतरची तारीख घ्या.